आजीच्या शेजारची जागा

पप्पा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. नगरहून दिल्लीला आले, लग्न झालं, आम्ही दोघी बहिणी झालो आणि सरकारी क्वार्टरमधली पंधरा वर्षं संपल्यावर त्यांनी गुडगावला नवा फ्लॅट घेतला. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सगळीकडे बांधकामं चालली होती. आमची इमारत उभी होती, पण लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, पाण्याला टँकर, आणि खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची. चर्च जवळपास नव्हतंच. म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्याच हॉलमध्ये उपासना सुरू झाली. चार मराठी कुटुंबं आणि एक केरळी जोडपं. आई टेबलावर पांढरी चादर घालायची, पप्पा पेटी वाजवायचे. गळा त्यांचा बेताचाच होता, पण ते मोठ्यानं गायचे. मला संकोच वाटायचा. मी चौदा वर्षांची होते, आणि नव्या शाळेतल्या मैत्रिणी खालच्याच मजल्यावर राहत होत्या.

आईपप्पांच्या लग्नाचा विसावा वाढदिवस शनिवारी आला. आईनं सकाळीच मटण पुलावाचं मोठं पातेलं चढवलं होतं. उपासनेची सगळी मंडळी दुपारी जेवायला येणार होती. पप्पा नवा शर्ट घालून आरशासमोर उभे होते, तेवढ्यात चौकीदार दार ठोठावत आला. त्याच्यामागे एक बाई होती. एक मुलगी कडेवर, दुसरी पदराला धरून.

ती झारखंडची. शेजारच्या टॉवरवर तिचा नवरा गवंडीकाम करत होता. आदल्या दिवशी तो सातव्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि जागीच गेला. पोस्टमॉर्टेम होऊन देह मिळाला होता. ठेकेदाराचं म्हणणं, समोरच्या स्मशानात तासाभरात उरकून टाका.

"हम लोग जलाते नहीं, साहब," ती बाई म्हणाली. "मिट्टी देना है. वो प्रार्थना करता था. चौकीदार बोला, आप भी करते हो."

पप्पांनी तिला आत बसवलं आणि स्वयंपाकघरात आले. मी तिथंच कांदा चिरत होते.

"अगं, आईच्या शेजारची जागा," एवढंच ते म्हणाले.

दिल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत माझ्या आजीची कबर होती. तिच्या लगतची जागा पप्पांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. त्या शहरात अशी जागा मिळणं किती अवघड, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं गॅस बंद केला.

"मग तुमचं काय?"

"माझं बघू पुढे. आज त्याला हवीय."

"आईंना विचारलं असतं ना, तर त्या म्हणाल्या असत्या, आधी त्या पोरींना खायला घाला," आई म्हणाली आणि तिनं दोन ताटल्या काढल्या. नंतर रेशमी साडी बदलून पांढरी सुती नेसली.

शवपेटी मिळवायला वेळ नव्हता. पप्पा साईटवर गेले. त्यांनी स्वतः मापं घेतली, कागदावर नकाशा काढला, आणि तिथल्या सुतारांनी शटरिंगच्या प्लायवूडची पेटी ठोकली. प्लायवर सिमेंटचे डाग होते. आईनं उपासनेच्या टेबलावरची चादर त्यावर घातली. आमचे पाहुणे हातात भेटवस्तू घेऊन आले होते. त्या तशाच दिवाणावर ठेवून तेही निघाले. साईटवरचे पंधरा-वीस मजूर एका ट्रकमध्ये बसले. आम्ही बहिणी टेंपोत, पेटीच्या बाजूला. गेटपाशी माझ्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या. मी मान खाली घातली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दफनभूमीच्या ऑफिसात कारकुनानं रजिस्टर उघडलं.

"हमारे चर्च के मेंबर हैं?"

"नहीं," पप्पा म्हणाले.

"फिर जगह नहीं है."

"जगह है. मेरी है." त्यांनी खिशातून पिवळी पडलेली पावती काढून समोर ठेवली.

"इसमें तो सिर्फ परिवारवालों को दे सकते हैं. ये आपके कौन लगते हैं?"

पप्पा अजिबात अडखळले नाहीत. "छोटा भाई. लिखिए."

कारकुनानं एकदा पप्पांकडे पाहिलं, एकदा दारातल्या त्या बाईकडे. मग लिहिलं.

पाळक गावाला गेले होते, म्हणून प्रार्थना पप्पांनीच केली. आधी मराठीत सुरू केली, मग भान येऊन हिंदीत. गाणंही त्यांनीच धरलं, नेहमीच्या त्याच बेताच्या आवाजात. या खेपेला मीही गायले, मोठ्यानं. चार माणसांत उरकायचं होतं, तिथं चाळीस माणसं हातानं माती घालत होती. परत आल्यावर आईनं तो पुलाव सगळ्यांना वाढला. मजूर जिन्यात पायरी-पायरीवर बसून जेवले.

सोमवारी पप्पांनी रजा टाकली आणि ठेकेदाराच्या ऑफिसात गेले. त्या बाईला झोपडी सोडायला सांगितलं होतं. मीही सोबत गेले होते.

"साहब, ये आपका मामला नहीं है," ठेकेदार म्हणाला.

"परसों मैंने उसको अपना भाई लिखवाया है," पप्पा म्हणाले. "अब मेरा ही मामला है."

ते पंधरा दिवस रोज जात राहिले. ऑफिसला जायच्या आधी, डबा हातात घेऊन, त्याच्या खुर्चीसमोर उभे. आरडाओरडा नाही, धमकी नाही. शेवटी त्या बाईला राहू दिलं, आणि वर काम करणाऱ्यांना सुरक्षेचे पट्टे आले, खाली जाळीही लागली. पुढं आमच्याच सोसायटीच्या पाळणाघरात आईनं तिला काम मिळवून दिलं. तिच्या मुली रोज आमच्या जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसायच्या. पप्पा त्यांना गणित शिकवायचे आणि आमच्यावर ओरडायचे तसेच त्यांच्यावरही ओरडायचे.

पप्पा स्वतः याबद्दल कधी कुणाशी बोलले नाहीत. उपासनेतही नाही. ते गेले तेव्हा आजीचीच कबर उघडून त्यांना तिथं ठेवलं. मधल्या वर्षांत तसा नियम झाला होता. आठवणी सांगायच्या वेळी पाळकांनी विचारलं, कुटुंबातून कोण बोलेल? मी उठणार होते. पण हुंदका आवरेना.

त्या बाईच्या थोरल्या मुलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुढं गेली. आता ती एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी करून थेट आली होती, गणवेशातच.

"मी त्यांची पुतणी," तिनं स्वच्छ मराठीत सुरुवात केली. "आम्ही त्यांना बडे पापा म्हणायचो."