थरथर कुठून आली

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. मशीनवरून उतरलेले शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचे, माप रिपोर्टात लिहायचं आणि सही करायची. एके दिवशी एकच शाफ्ट तीनदा मोजला आणि तीनदा वेगळं माप आलं. मला वाटलं मायक्रोमीटर बिघडला, म्हणून दुसरा आणला. तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, थंडी वाजतेय का तुम्हाला?"

मे महिना होता.

त्यानंतर मी हात एप्रनच्या खिशात ठेवायला लागले. नुसता मांडीवर ठेवलेला हातसुद्धा आपोआप हलायचा. पुढच्या काही महिन्यांत अक्षर इतकं बारीक झालं की साहेब रिपोर्ट परत पाठवून विचारायचे, हे सहा आहे की शून्य? कंपनीच्या बसची पायरी चढताना पाय जड वाटायचे. बोटांना मुंग्या यायच्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, इंजेक्शनं झाली. मुंग्या गेल्या, थरथर तशीच राहिली. मग हाडांचे डॉक्टर झाले. मानेचा एमआरआय काढला, मणक्यात थोडी झीज होती, पट्टा लावायला सांगितला. पट्टा लावून मी महिनाभर ताठ मानेने थरथरत होते. शेवटी मी आणि नवरा मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली. त्यांनी माझे हात पाहिले, मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "कंपवाताची सुरुवात असू शकते. गोळ्या सुरू करू, मग बघू."

ते "असू शकते" म्हणाले होते. आम्ही दोघांनी "आहे" असं ऐकलं.

माझा नवरा देवळाली कॅम्पच्या बाजारात चष्म्यांचं दुकान चालवतो. आधीच कमी बोलणारा माणूस, त्या दिवसापासून आणखी गप्प झाला. मला चहा द्यायचा तो अर्धा कप. मी एकदा भडकलेच. "अर्धा चहा प्यायला मी काय लहान मूल आहे?"

"अगं, सांडला तर भाजेल ना," तो म्हणाला आणि आत जाऊन उगाचच भांडी लावत बसला.

मी मनातल्या मनात नोकरी सोडून दिली होती. आठ वर्षं उरली होती निवृत्तीला. ती कशी काढायची, आणि त्यानंतर मला कोण भरवणार, इथपर्यंत विचार जायचे. मुलगी बंगळुरूला असते. तिला आम्ही फक्त मानेचं सांगितलं होतं.

नव्या गोळ्यांनी थरथर काही कमी झाली नाही, वर मळमळ सुरू झाली. त्यावर मी माझी नेहमीची पित्ताची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घ्यायला लागले. आधी एकच घ्यायचे.

नवऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. त्यांचे यजमान लष्करात. मानेच्या व्यायामासाठी मी त्यांच्याकडे जायचे. एकदा व्यायाम झाल्यावर मी दाराकडे निघाले, तर त्यांनी मला थांबवलं.

"ताई, परत एकदा चालून दाखवा बरं. इथून खिडकीपर्यंत."

मी चालले.

"तुमचे हात पुढे-मागे हलतच नाहीत चालताना. दोन्ही. एकच हलला नसता तर मानेमुळे असेल म्हटलं असतं. मानेचं मी बघते, पण हे मानेचं नाहीये."

"कंपवात आहे म्हणालेत," मी म्हटलं. तो शब्द मी पहिल्यांदाच बाहेरच्या माणसासमोर उच्चारला.

"असेलही. पण नक्की कोणी सांगितलंय?" मग त्यांनी एका कागदावर नाव लिहून दिलं. नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळ एक डॉक्टर बाई बसतात. मेंदूच्याच डॉक्टर, पण पुढचं शिक्षण त्यांनी फक्त हालचालींच्या आजारांचं घेतलेलं. थरथर, कंपवात, मान किंवा हात आपोआप वळणं, एवढंच त्या बघतात. असा वेगळा डॉक्टर असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. नवरा तर मुंबईला न्यायच्या गोष्टी करत होता.

वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. डॉक्टर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. फाईल बाजूला ठेवून त्यांनी आधी मला बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालायला लावलं, आणि स्वतः मागून चालत आल्या. मग बोटं एकमेकांवर आपटायला लावली, नाकाला बोट लावायला लावलं, कागदावर गोगलगायीसारखं गोल गोल काढायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. अर्धा तास तरी गेला असेल. कोणी इतका वेळ माझ्याकडे बघितलंच नव्हतं. मला भीती वाटायच्या ऐवजी बरंच वाटत होतं.

"दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि बऱ्यापैकी लवकर वाढलंय. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

नवऱ्याने फाईल पुढे केली.

"यातल्या नाही. ज्या तुम्ही औषधात धरत नाही, त्या. झोपेच्या, चक्करेच्या, पोटाच्या?"

मी पर्समधून पित्ताच्या कॅप्सूलची पट्टी काढली. ही माझ्याकडे कायम असते. त्यांनी ती उलटी केली, डोळे बारीक केले. अक्षरं मुंगीएवढी होती. नवरा पुढे झाला. "आणा इकडे, माझं रोजचंच काम आहे." आणि त्याने चष्मा कपाळावर सरकवून मागच्या बाजूची दोन्ही औषधांची नावं अक्षर-अक्षर करत वाचली.

दुसरं नाव ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस घेताय?"

"अडीच वर्षं झाली असतील."

"कोणी दिली होती?"

"एकदा पोट बिघडलं होतं तेव्हा, दहा दिवसांसाठी. आराम पडला म्हणून मग मीच मेडिकलमधून आणत राहिले."

हे बोलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की त्या कॅप्सूलमधलं एक औषध पोटासाठी चांगलं, पण काही जणांच्या मेंदूवर असा परिणाम करतं की हुबेहूब कंपवातच वाटावा.

"म्हणजे मला कंपवात नाही?" मी विचारलं.

"आज मी तसं छातीठोकपणे सांगणार नाही. ही बंद करू. कंपवाताच्या गोळ्या मी सांगते तशा हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. दोन-तीन महिने लागतील, कधी सहासुद्धा. नाहीच गेलं, तर पुढच्या तपासण्या आहेत. आणि पित्तासाठी तुमच्या डॉक्टरांना दुसरं काही द्यायला सांगा, ही पट्टी दाखवून."

पहिला महिना वाईट गेला. छातीत जळजळायचं, हात तसेच. मी मऊ भात आणि मुगाच्या वरणावर दिवस काढले. दुसरा महिनाही संपत आला. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं फिरायला निघालो होतो. बूट बांधायला नवरा मागे थांबला होता. अचानक त्याने जोरात हाक मारली. मला वाटलं, पडला की काय.

"थांबू नकोस! चालत राहा," तो ओरडत होता. "अगं, हात हलतायत तुझे!"

रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मी चालत राहिले. खांद्यापासून हात पुढे-मागे जात होते, मी काही न करता. मी रडत होते आणि चालत होते, आणि तो मागून पळत येत होता, एका बुटाची नाडी सुटलेली.

त्या संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी अर्धा तास भांडली आणि मग तिने मला एक वाक्य कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायला लावलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना मी ती पट्टी दाखवली. आता ते प्रत्येक पेशंटला विचारतात, मेडिकलमधून आणखी काय काय आणता म्हणून. लोक विचारतात, राग नाही आला? कोणावर काढू? सगळ्यात जास्त कॅप्सूल मीच मला दिल्या होत्या.

पाच महिन्यांनी डॉक्टर बाईंनी पुन्हा व्हरांड्यात चालवलं आणि "आता वर्षाने या" म्हणाल्या. डाव्या अंगठ्यात थोडी थरथर उरली आहे, थंडीत किंवा घाईत दिसते. ती कदाचित राहील, असं त्या म्हणतात. राहू दे.