मामूंचा छत्र्यांचा पतंग

मामूंच्या शिलाई मशीनवर पाण्याने भरलेला काचेचा पेला असायचा. भूकंप आला तर आधी पाणी हलेल आणि आपण वेळेवर बाहेर पळू, असा त्यांचा बेत. मशीन चाललं की पाणी हलायचंच. त्यामुळे एका पँटमागे मामू सात वेळा रस्त्यावर यायचे, हातात सुई आणि मागोमाग अर्धवट मापं दिलेलं गिऱ्हाईक. छताचा पंखा उतरवून त्यांनी जमिनीवर बसवला होता, त्याचा वारा फक्त मांजरीला लागायचा. यात मी एक शब्दही वाढवून सांगत नाही.

भूकंपानंतर किल्लारीकडे तंबू शिवायला ते महिनाभर गेले होते, तेव्हापासूनचं हे. तिथं काय पाहिलं ते कधी बोलले नाहीत. पण अख्ख्या नांदेडातला हा घाबरट माणूस रोज सकाळी विष्णुपुरीच्या धरणाकाठी जाऊन बसायचा. "जमिनीचा भरवसा न्हाई बाबा," म्हणायचे. "पाणी हलतंय ते उघड हलतंय." घोट्याच्या वर मात्र त्यांनी ते कधी येऊ दिलं नाही.

एकदा रद्दीत त्यांना फोटो सापडला. एक गोरा फळीवर उभा, वर भलामोठा पतंग, आणि पतंग त्याला समुद्रावरून ओढत नेतोय. मामूंनी दोन महिने दुसरं काही शिवलं नाही. चाळीस मोडक्या छत्र्यांचं काळं कापड, बांबूच्या कामट्या, चार दोऱ्या आणि धरायला सायकलचं हँडल. पतंग असा झाला की त्याच्या सावलीत दोन म्हशी रवंथ करायच्या. उडवणारा मी. लातूरजवळच्या मुरुडचा, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला शिकणारा. नातं काही नाही; सगळे त्यांना मामू म्हणत, म्हणून मीही. ते मला 'लातूर' म्हणत. पायाखाली जुन्या दाराची फळी, आणि पोहता येत नव्हतं, म्हणून कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब.

आमच्याकडचा वारा म्हणजे आजाऱ्याचा श्वास. त्यात पतंग टिकवायचा कसा, हे मामूंनी काठावर तीन महिने शिकवलं. "वारा कमी हाय तर ओढू नको. ओढलं की तो गुदमरतो आन मागं पडतो. ढील दे, फिरवत ऱ्हा. आठाचा आकडा काढ. मराठी न्हाई रे, इंग्रजी. आडवा पाडून."

मला पटायचं, हातांना पटायचं नाही. लातूरच्या क्लासमध्ये मला दोन वर्षं एकच शिकवलं होतं, जोर लाव. पतंग ढेपाळला की माझी कोपरं आपोआप पोटाशी यायची. "तू काय बारावीचा पेपर लिहून राहिला काय?" मामू कपाळाला हात लावायचे.

ज्या दिवशी पाण्यात उतरलो, त्या दिवशी धरणाचा एक दरवाजा उघडलेला होता. आम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. शंभर-दीडशे पावलं मजेत गेलो आणि वारा बसला. फळी हळूहळू भिंतीकडे सरकायला लागली. मी ओढलं. पतंग मागे आला. मी आणखी ओढलं. तो पाण्यात पडला असता तर भिजून म्हशीएवढा जड झाला असता, आणि मला घेऊन थेट दरवाजात.

काठावरून मामू ओरडत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मग ते पाण्यात शिरले. गुडघा, कंबर, छाती. दोन्ही हात पुढे धरून त्यांनी ते हळूच लांब केले, जणू कुणाला काही देताहेत. मी त्यांच्या हातांकडे बघत माझे हात लांब केले. पतंग थबकला, फुगला, वळला. मामू हातांनी आठ काढत राहिले, मी त्यांच्यामागून. तिरका तिरका काठाला लागलो, तरी ते छातीभर पाण्यात आठच काढत होते. त्यांना हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर पतंग कापलेला. त्या कापडातून शाळेच्या दप्तरांना पावसाळी खोळा शिवणं चाललं होतं. मी पंधरा दिवस बोललो नाही. मग एकदा न राहवून विचारलं, "मामू, कापायचा कशाला? नुसता माळ्यावर टाकायचा."

त्यांनी मशीन थांबवलं. "तुझी आई मला वळखत न्हाई. तिच्यासमोर मी कोण म्हणून उभा राहिलो असतो?"

"पण इतके बारीक तुकडे कशाला?"

"मोठे तुकडे ठेवले असते," मामू म्हणाले, "तर मीच पुन्हा जोडला असता."