तीनदा धुतलेली काच

मेश्रामकाका गेल्याचा फोन कामठीहून आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेची भांडी धूत होते. तीनदा. दोनदा धुऊनही भागतं, पण काकांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला ते जमत नाही. मेडिकल कॉलेजात मृतांच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या द्रावणात रंगवायचे, हे त्यांचं काम. आणि 'काच धुतली काय वं?' हा मला रोजचा प्रश्न. वैताग यायचा, खोटं कशाला सांगू...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अपघातात गेलेल्या एका हेडमास्तरांचा मेंदू आला होता. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, बुद्धी तल्लख, त्या दिवशी सकाळीही वर्गात पाढे घेतलेला. पण कापावर काळे ठिपके उमटले, पोटची पोरंही ओळखू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मेंदूत दिसतात तसेच. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "चांदीचा गाळ आहे हा. भांडी धुवायला शिका, मेश्राम." काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच भांड्यात तीन काप रंगवले: हेडमास्तरांचा, स्मृती गेलेल्या एका आजींचा आणि विशीतल्या एका तरुणाचा. आजींच्या कापावर ठिपकेच ठिपके, हेडमास्तरांच्या कापावर थोडे, तरुणाचा लख्ख.

"गाळ असता तं तिघायवर पडला असता, साहेब," एवढंच बोलले. डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. मग स्वतःची खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा, मेश्राम. विसरणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी रोग आत येऊन बसत असेल, असा विचारच मी केला नव्हता." मॅट्रिक शिकलेले आमचे काका त्या खुर्चीत बसले. आजही ऊर भरून येतो.

निवृत्तीनंतर म्हणाले, "मले तं सारं आठवते. पण आत काय चालू आहे, ते मी गेल्यावर तू पाहजो." काकांचा मेंदू आम्हाला देण्याचा शब्द काकूंनी पाळला. "त्यायची इच्छा होती, घेऊन जा वं," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

मेंदू फॉर्मलिनमध्ये घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. काल रंगवला. ठिपके होते... थोडेच, पण होते. शेवटच्या भेटीत माझ्या लेकीच्या, कित्येक वर्षांपूर्वीच्या बारशाचा मेनू सांगणाऱ्या माणसाच्या मेंदूत! पहिला विचार आला, माझंच भांडं अस्वच्छ असणार. पण त्याच भांड्यात मी त्या विशीतल्या तरुणाचा, काकांनीच जपून ठेवलेला एक कोरा काप बुडवला होता. तो लख्ख निघाला.

काच धुतली होती, काका.