स्टीअरिंगमधली तार आणि माझे सासरे

बिघाडावर माझ्या सासऱ्यांइतकं निस्सीम प्रेम करणारा माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तरी दुसरा झाला नसेल. टेलिफोन खात्यात त्यांची सगळी नोकरी मुक्या पडलेल्या लाइनी शोधण्यात गेली आणि निवृत्तीनंतर तीच नजर त्यांनी उरलेल्या जगाकडे वळवली. नीट चालणाऱ्या वस्तूत त्यांना काडीचा रस नसे. आमच्याकडे आले की बसण्याआधी विचारत, "जवाईबापू, काही बिघडलं-गिघडलं हाय का?" मी नाही म्हटलं की चहा अर्धाच घेत. जवळच्या हट्टा गावी एका लग्नात लाउडस्पीकर गुरगुरायला लागला, तर मंगलाष्टकं चालू असतानाच हे वायरीचा माग काढत मांडवाबाहेर गेले आणि शेवटी आचाऱ्याच्या चुलीमागे सापडले. हातात उंदरानं कुरतडलेली वायर आणि चेहऱ्यावर नवरदेवाहून जास्त आनंद. एकदा त्यांना ताप आला आणि औषध घेण्याआधीच उतरला. दोन दिवस खट्टू होते. म्हणाले, "आपोआप गेला म्हणजे गेला नाही. कुठंतरी लपून बसला हाय."

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. मलाजखंडहून बदली होऊन निघालेल्या एका इंजिनियरची जुनी गाडी आम्ही घेतली, ती मुख्यतः वंदनासाठी. वंदना माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. परसवाड्याच्या शाळेत शिकवायची आणि रोज स्वतः गाडी चालवत जायची. गाडीला चालवणाऱ्यापुरती एअरबॅग होती. धडक बसली की स्टीअरिंगमधून पिशवी फुगून बाहेर येते, हे ऐकून शेजारीपाजारी स्टीअरिंगला हात लावून बघून गेले. महिनाभरात समोरच्या पट्टीवर एक लाल दिवा लागायला लागला: बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल चेंडू. कधी लागे, कधी नाही. गावातला मिस्त्री हसून म्हणाला, "मैडम, बल्ब निकाल देता हूँ. गाड़ी तो मक्खन चल रही है."

सासरे शेजारीच उभे होते. त्यांनी त्याच्या हातातला पेचकस अलगद काढून घेतला. "भाऊ, रोगी बोलून राह्यला अन् तू त्याचं तोंड बांधून राह्यला?"

दुसऱ्या दिवसापासून ते वही-पेन्सिल घेऊन मागच्या सीटवर बसून परसवाड्याला जायला लागले. दिवा कुठे लागला, तेव्हा रस्ता कसा होता, ऊन होतं की सावली, सगळं टिपायचं. वंदनाला संकोच वाटे. "बाबा, शाळेतल्या बाया विचारतात, हे रोज कोण येतात?" "सांग, टेलिफोनवाले हायेत. लाइन पाहून राह्यले." आठवड्याभरानं वही बोलू लागली. खड्ड्यात दिवा लागत नव्हता, म्हणजे सीटखालचा तारांचा जोड ढिला नव्हता. तो लागे तो फक्त शाळेच्या फाटकाशी किंवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी, स्टीअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत फिरलं की.

आता त्यांना नवाच प्रश्न पडला. "जवाईबापू, चाक गरगर फिरते. मग आत पिशवीकडं जाणारी तार पिळून तुटत काहून नाही?" मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. उत्तर त्यांनी सासूबाईंच्या शिवणकामाच्या डब्यात शोधलं. मोजायची टेप गोल गुंडाळून थाळीत ठेवली, आतलं टोक वाटीला बांधलं आणि वाटी फिरवली. एका बाजूला टेप आवळत गेली, दुसऱ्या बाजूला सैल झाली. पीळ काही पडला नाही. "पाह्यलं? अशीच पट्टी असन आत. अन् तीच कुठंतरी चिरली हाय." सासूबाईंचं ब्लाउज तीन दिवस अर्धवट राहिलं.

मग ते मीटर घेऊन निघाले. बत्तीस वर्षं ज्या-ज्या तारेवर संशय आला तिला त्यांनी मीटर लावला होता. मी मात्र भीतीनं गाडीच्या आधीच्या मालकाला, त्या इंजिनियरला, फोन केला. तो ओरडलाच. पिशवीच्या तारांना साधा मीटर अजिबात लावू नका, मीटरमधल्या एवढ्याशा करंटनंही ती उडू शकते. मी धावत जाऊन सांगितलं. सासरे गाडीच्या दारात थांबले.

"माह्या मीटरनं?" त्यांनी हळूच विचारलं. मग मीटर चामड्याच्या पिशवीत घालून ओट्यावर बसले. म्हणाले, "नको तेव्हा उडाली तं पोरीच्या तोंडावर. पाह्यजे तेव्हा नाही उडाली तं..." आणि वंदनाला त्या दिवसापासून बसनं शाळेत पाठवलं.

रविवारी आम्ही गाडी नागपूरला एका वर्कशॉपमध्ये नेली. मी चालवली, डावी वळणं त्यांच्या देखरेखीखाली घेतली. तिथल्या कारागिरानं कॉम्प्युटर जोडला आणि सांगितलं, ड्रायव्हरच्या एअरबॅगच्या सर्किटमध्ये रोध जास्त येतोय, पिशवीच बदलावी लागेल. "पिशवी नाही, पट्टी," सासरे म्हणाले आणि वही उघडली. कारागीर आधी हसला, मग वाचायला लागला. त्यानं बॅटरी सोडवली आणि थांबला. काहून थांबले, म्हणून सासऱ्यांनी विचारलंच. आत साठलेली वीज उतरू द्यायची, असं उत्तर आलं. "बॅटरी काढल्यावरही जीव राह्यते?" त्यांचे डोळे चमकले. पिशवी उतरवून, तोंड स्वतःपासून लांब धरून, कारागिरानं ती बाजूला ठेवली. तिच्या जागी पिशवीचं सोंग घेणारा एक छोटा रोधक लावला, बॅटरी जोडली, चाक डावीकडे शेवटपर्यंत नेलं. पिशवी नसतानाही दिवा लागला.

आतली गोल डबी उघडली, तेव्हा चपट्या पट्टीवर केसाएवढी चीर होती. सासऱ्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ती पाहिली. "हौ," एवढंच म्हणाले. कारागिरानं नवी डबी बसवली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. तो त्यांनी पूर्ण घेतला.

घरी आल्यावर वंदना स्टीअरिंगवर बसली. किल्ली फिरवली तसा दिवा नेहमीच्या तपासणीपुरता क्षणभर लागून विझला. तिनं विचारलं, "बाबा, आता ती खरंच उघडेल?"

"उघडन." मग खिडकीच्या काचेवरून हात फिरवत म्हणाले, "सगळं पाह्याची हौस हाय मले. पण हे मले कधी पाह्याले नको भेटो."

त्यांना ते पाहायला मिळालं नाही; पिशवी उघडायची वेळच कधी आली नाही. गाडी आम्ही पुढे बरीच वर्षं वापरली, आणि ती विकायची वेळ आली तेव्हा ते नव्हते. गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. वंदना किल्ली द्यायला म्हणून गेली आणि सीटवर बसली, स्टीअरिंगच्या मधोमध तळहात ठेवून. मी गिऱ्हाइकाला चहासाठी आत बोलावलं.