उकळलेली थुंकी

एकोणीस वर्षं मी घसा कोरडा करून सांगत आले आहे की, पेशीतल्या रसायनांना तुमच्या मार्कांशी काही देणंघेणं नसतं. कडक भाकरीचा तुकडा तोंडात ठेवा, घाई न करता चावा, हळूहळू गोड लागायला लागतो. भाकरीतलं स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ, आणि थुंकीतलं एन्झाइम ती माळ तोडतं. इतकं साधं आहे. तरी मुलं प्रयोगवहीत गेल्या वर्षीच्या मुलांची निरीक्षणं उतरवून काढतात आणि माझं डोकं फिरतं.

त्या फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रयोगाला थुंकी माझीच, दर वर्षीसारखी. सकाळी लवकर येऊन मी बीकरमध्ये चूळ सोडली, गाळून घेतली आणि बीकर टेबलावर ठेवून ऑफिसात उत्तरपत्रिका आणायला गेले. मुलांनी ती थुंकी स्टार्चच्या पाण्यात मिसळायची आणि दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन त्यात आयोडीन टाकायचं. स्टार्च शिल्लक असेपर्यंत थेंब निळा होतो. माळ तुटली की निळा होत नाही.

बाहेरचे परीक्षक करमाळ्याहून आले होते आणि आल्यापासून परतीच्या एसटीचंच बोलत होते. मी टेबलांमधून फिरत होते. दहा मिनिटं झाली तरी सगळ्या टाइलांवर निळेच ठिपके. आयोडीन जास्त पडत असेल, असं म्हणून मी पुढं गेले. उत्तरपत्रिकांत मात्र ओळीनं एकच वाक्य होतं: ‘आठव्या मिनिटाला निळा रंग नाहीसा झाला.’ चोवीसपैकी तेवीस जणांचा.

चोविसावी खिडकीजवळ बसली होती. तिचे आईवडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरात तेलुगू, तरी वर्गात मला मराठीत उलट प्रश्न विचारणारी ती एकटीच. तिला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जायचं होतं आणि घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, मार्क पडले तर पुढं, नाही तर शिलाई मशीन. तिनं लिहिलं होतं, ‘निळा रंग शेवटपर्यंत गेला नाही.’

परीक्षकांनी ते वाचलं. “मॅडम, हिचा प्रयोग फसलाय. अर्धे मार्क तरी कापावे लागतील,” असं म्हणून ते पुढच्या टेबलावर गेले.

मी तिच्याजवळ वाकले. “पुस्तकात काय दिलंय ते आठव.”

“पण मॅडम, निळंच हाय की. तुमीच बघा ना.”

“वेळ संपत आलाय. आठव म्हणते ना.”

तिनं एकदा टाइलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पट्टी लावून ती ओळ सरळ खोडली आणि खाली आठवं मिनिट लिहिलं.

परीक्षा संपली. मुलं बाहेर पडली, परीक्षक मार्कांच्या कागदावर सही करून चहाला गेले. आमचे लॅबमधले मामा, वैरागचे, बीकर विसळायला घेता घेता म्हणाले, “मॅडम, सकाळी तुमची थुंकी मी चांगली खळखळा उकळून घेतली बरं का. मग गार करून ठिवली. एवढी लेकरं हात लावणार, उष्टं ते उष्टंच की. त्यात कोरोनापासनं मला लई भ्या वाटतंय.”

मी त्यांच्यावर ओरडले. इतकी ओरडले की ते बीकर हातात धरून तसेच उभे राहिले. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, उकळलं की त्याची घडी मोडते, उकडलेलं अंडं काही परत कच्चं होत नाही. पण त्या माणसानं मुलांच्या काळजीनंच केलं होतं, आणि एन्झाइम उष्णतेनं निकामी होतं हे मामांनी नाही, मी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. चोवीस टाइला निळ्या दिसत असताना मला शंका आली नाही. तेवीस खोटी उत्तरं वाचून हायसं वाटलं आणि एका खऱ्या उत्तराचा राग आला! लाज वाटली स्वतःची.

मी धावतच खाली गेले. ती सायकलचं कुलूप काढत होती.

“तुझंच बरोबर होतं गं,” मी म्हणाले आणि उकळण्याचं सगळं सांगितलं.

तिचा चेहरा एकदम फुलला. “म्हणजे एन्झाइम मेलं होतं! मग मॅडम, मी वर येऊन पहिलंच परत लिहू का? कारणासकट लिहिते.”

वर उत्तरपत्रिकांचं पाकीट अजून सील झालं नव्हतं. परीक्षक चहा पीत होते. त्यांना सगळं सांगता आलं असतं. मग तेवीस जणांचं काय, परीक्षा पुन्हा घ्यायची का, बोर्डाला कळवायचं का, आणि थुंकी कुणाच्या ताब्यात होती, हेही निघालं असतं.

“नको,” मी म्हणाले. “तुला पूर्ण मार्क पडलेत.”

तिनं कुलूप हँडलला अडकवलं. रागावली नव्हती, नुसती विचारत होती, वर्गात विचारायची तसंच.

“मग आमाला बघायला कशाला लावता, मॅडम?”