डाव्या बाजूचा क्लच

पोंक्षे मास्तरांनी उभं आयुष्य गाडी चालवली ती डावीकडे बसून. आता ह्याला चालवणं तरी कसं म्हणायचं? स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, गिअर दुसऱ्याच्या हातात, आणि ह्यांच्या पायाखाली दोन जादा पेडलं. एक ब्रेकचं, एक क्लचचं. एअरफोर्समधून ट्रान्सपोर्टचे सार्जंट म्हणून एकनाथ पोंक्षे बाहेर पडले, तेव्हा भाऊबंद म्हणाले वाईला परत ये. ते गेले नाहीत. चंदीगडलाच सेक्टर वीसमध्ये ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावली, आणि अर्ध्या शहराला गाडी शिकवली.

नवा शिकाऊ पहिल्या दिवशी चौकात क्लच विसरायचाच. पण गाडीने आचका द्यायच्या आत मास्तरांचा डावा पाय खाली गेलेला असायचा. गाडी अलगद थांबायची. मास्तर समोर बघत, चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणायचे, "शाबाश. बढिया रोकी." शिकाऊ घरी जाऊन छाती फुगवून सांगायचा की मला पहिल्याच दिवशी गाडी आली. मास्तरांनी कधी कोणाला खरं सांगितलं नाही. धंद्याची रीतच होती ती.

त्याच पायाने शेवटी दगा दिला. डॉक्टरांनी डावा गुडघा इकडून तिकडून दाबून पाहिला आणि म्हणाले, हा झिजलाय, आता क्लच बंद. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण गुडघ्याने मुहूर्त काय साधला होता बघा. नोकरीत असताना एका तरुण पायलटची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार त्यांनी एकदा हँगरपासून मेसपर्यंत नेली होती. एवढंसं अंतर, पण ते डोक्यातून गेलं नव्हतं. आता कुठे वाईच्या जमिनीचा वाटा भावाला विकून तशीच एक गाडी घ्यायची वेळ आली होती, आणि नेमका गुडघा बसला.

साल अठ्ठ्याऐंशीचं, पंजाब पेटलेला. पेपर उघडला की गोळीबार. आज इथे कर्फ्यू, उद्या तिथे, चौकाचौकात वाळूच्या पोत्यांचे नाके, आणि अंधार पडायच्या आत सगळे घरात. पोरीबाळींना गाडी शिकायला पाठवणार कोण? स्कूल बसलंच. शिकवायची जुनी फियाट मास्तरांनी भंगारात दिली, पण देण्याआधी आपल्या बाजूची दोन पेडलं आणि त्यांच्या दांड्या सोडवून घेतल्या आणि गोणपाटात गुंडाळून बाल्कनीत टाकल्या. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चंदीगडला लागूनच मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये रघुवीर सूद नावाचा दलाल होता. त्याच्या शेडमध्ये दिल्लीच्या वकिलातीतल्या साहेब लोकांनी विकलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, दोन सीटच्या, सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा. हिरवी गिअरची, पांढरी ऑटोमॅटिक.

"मास्टरजी, सफेदवाली ले जाओ," रघुवीर म्हणाला. "घुटने को आराम. क्लच है ही नहीं."

"जिसमें क्लच नहीं, वो गाड़ी नहीं, सोफा है," मास्तर म्हणाले.

घरी कॉलेजात जाणारी मनीषा. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतून. "बाबा, ऑटोमॅटिक ले लो ना. क्या फ़र्क पड़ता है?"

काय फरक पडतो! मास्तर चडफडत बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आयुष्यभर आपण दुसऱ्यांना गिअर शिकवले, आणि स्वतःची पहिली गाडी बिनगिअरची? गाव काय म्हणेल? आणि गाव जाऊ दे खड्ड्यात, आपला हात काय म्हणेल?

शालिनीताई मात्र शांत होत्या. "अहो, आधी चालवून तर बघा पांढरी. मी येते बरोबर."

"तू येऊन काय करणार आहेस?"

हा टोमणा जुना होता. लग्नानंतर मास्तरांनी बायकोला गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्याच दिवशी चढावर गाडी मागे घरंगळत एका बंगल्याच्या फाटकावर आदळली, आणि मास्तर भर रस्त्यात ओरडले, "हँडब्रेक! हँडब्रेक म्हणतोय ना मी!" इतरांवर कधी आवाज न चढवणारा माणूस, पण बायकोवर चढवला. शालिनीताई खाली उतरल्या, चालत घरी आल्या, आणि पुन्हा म्हणून स्टिअरिंगला हात लावला नाही.

तर रविवारी दुपारी दोघं पांढरी घेऊन पिंजौरला जाऊन आले. गुडघा तक्रार करत नव्हता, हे खरं. पण डावा हात मोकळा, डावा पाय मोकळा, गाडी आपल्याच मर्जीने गिअर बदलतेय. मास्तरांना वाटलं, आपण ह्या गाडीत पाहुणे आहोत. कोणी चहा विचारेल म्हणून बसून राहायचं, बस.

परतताना उन्हं कलली होती. मनीमाजऱ्याच्या अलीकडे नाका लागला. रस्त्यात आडवेतिडवे ड्रम, पोत्यांमागे मशीनगन, तिच्यामागे जवान. नियम शेंबड्या पोरालाही पाठ होते. वेग कमी करा, दिवे मंद करा, आतला दिवा लावा, सावकाश पुढे या. मास्तरांनी सगळं केलं, आणि वेग उतरला तसा सवयीने डावा पाय क्लचवर दाणकन दाबला.

क्लच नव्हताच. तिथे होतं ब्रेकचं रुंद पेडल.

टायर किंचाळले, गाडी नाक्याच्या बरीच अलीकडे जागच्या जागी थिजली, शालिनीताईंचं कपाळ पुढच्या काचेला लागता लागता वाचलं. त्या दिवसांत नाका बघून लांब थांबणारी गाडी म्हणजे काय, हे जवानांना कोणी सांगायला नको होतं. शिट्टी वाजली, बंदुका वर आल्या. मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि घाबरून दोन्ही पायही उचलले.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपणहून पुढे सरकते. मास्तरांच्या डोक्याला हे ठाऊक होतं, पायांना ठाऊक नव्हतं. हात वर केलेला माणूस आणि त्याची पांढरी गाडी सावकाश बंदुकांच्या दिशेने निघाली.

"रोक! रोक ओए!"

शालिनीताईंनी हात घातला आणि हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

जवान धावत आले, मागे चंदीगड पोलिसांचा एक हवालदार. त्याने खिडकीतून आत वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पालटला. गुरमेल सिंग. ह्याला लायसन्स मास्तरांनीच मिळवून दिलं होतं.

"मास्टरजी, आप?" तो म्हणाला. मग गाडीकडे पाहिलं, मास्तरांच्या अजून वरच असलेल्या हातांकडे पाहिलं, आणि मिशीत हसला. "गड्डी सिख रहे हो?"

ह्यापेक्षा गोळी घातली असती तर बरं, असं मास्तरांना त्या क्षणी खरोखर वाटलं.

दुसऱ्या दिवशी चरफडत ते एकटेच रघुवीरच्या शेडवर गेले आणि हिरवी बाहेर काढली. पहिला, दुसरा, तिसरा. काय सांगावं! गिअरचा दांडा मुठीत बसताच वीस वर्षांचा शीण गेला. मध्य मार्ग नावाच्या हमरस्त्यावर पहिल्या चक्करपर्यंत मास्तर राजे होते. दुसऱ्या चक्करला गुडघा अडकला. क्लच खाली गेला तो पाय वर येईना. मागे हॉर्नचा कल्लोळ, घामाने डबडबलेले मास्तर दोन्ही हातांनी स्वतःची मांडी उचलताहेत, आणि स्कूटरवाले बघून जाताहेत. कशीबशी गाडी शेडवर आली.

संध्याकाळी ते जेवले नाहीत. "एकीत पाय नको तिथे जातो, दुसरीत जातो तिथून परत येत नाही," ते म्हणाले. "नकोच ती गाडी. जन्म गेला डावीकडे, आता मरेपर्यंत डावीकडेच." आवाज चिरकला तेव्हा त्यांनी तो खोकल्यात लपवला. शालिनीताईंना ते कळलं.

"बाल्कनीतली पेडलं हिरवीला बसतील का?" त्यांनी विचारलं.

"बसवली तर बसतील. बसवून काय उपयोग? दाबणार कोण?"

"मी."

"तू? तिसऱ्या दिवशी फाटक—"

"फाटक मी मोडलं, काल हँडब्रेकही मीच ओढला. पाय आहे ना मला? का तोही तुम्हीच शिकवायला हवा?"

मास्तर उठून बाल्कनीत गेले आणि गोणपाट सोडायला बसले.

हिरवी घरी आली. मास्तरांनी स्वतः आडवं पडून दांडी जोडली. उजवीकडे बसून ते हुकूम सोडायचे, "दाब. सोड. अगं हळू सोड!" गिअर दात खायचे, गाडी बेडकासारखी उडायची, मास्तर कपाळ बडवायचे. स्वतःच्या गाडीत स्वतःच्या सीटवर बसून बायकोच्या पायाच्या तालावर नाचायचं, ह्याने त्यांचं पित्त खवळायचं. एकदा आवाज चढला तसं शालिनीताईंनी पाय सरळ उचलून वर घेतला आणि मांडी घालून बसल्या. भर चौकात. त्या दिवसापासून मास्तर जरा दबकूनच बोलू लागले.

मग एका रविवारी पुन्हा पिंजौर, पुन्हा तोच नाका, आणि पोत्यांपाशी तोच गुरमेल. मास्तरांनी वेग उतरवला, दिवे मंद केले, आतला दिवा लावला, आणि ‘दाब’ म्हणायला तोंड उघडलं. पण हातातला दांडा लोण्यातून जावा तसा आधीच मोकळा झाला होता. इंजिनाचा आवाज उतरला, ना आचका ना धक्का, आणि हिरवी गुरमेलच्या बुटांसमोर अलगद उभी राहिली.

"वाह मास्टरजी," गुरमेल म्हणाला. "इसको कहते हैं गड्डी रोकना. घुटना ठीक हो गया?"

मास्तरांनी डावीकडे पाहिलं. शालिनीताई समोर रस्त्याकडे बघत बसल्या होत्या, चेहऱ्यावर काही न दाखवता. तो चेहरा मास्तरांच्या चांगला ओळखीचा होता. इतकी वर्षं तो त्यांचाच होता.

"शाबाश," ओठ न हलवता त्या मराठीत म्हणाल्या. "छान थांबवलीत."

मास्तर जाम वैतागले. पण गुरमेलने जायची खूण केली होती, आणि पहिला गिअर टाकायचा तर आधी तिचा पाय खाली जायला हवा होता. दांड्यावर हात ठेवून ते वाट बघत बसले.