दोघी विहिणी वेरूळला

माझं लग्न आईला फारसं रुचलं नव्हतं. ती दौलताबादकडच्या शेतकरी घरातली, सोमवार धरणारी. माझ्या सासरी देव्हारा नाही, सकाळी बुद्धवंदना. आईची नि सासूबाईंची नीट ओळख व्हावी म्हणून गेल्या हिवाळ्यात मीच त्यांना वेरूळला घेऊन गेले.

आधी घृष्णेश्वर. सासूबाई बाहेर सावलीत थांबल्या. दर्शन घेऊन आईनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. सासूबाई कुठल्याच देवाचा प्रसाद खात नाहीत.

"प्रसाद म्हणून नाय हं, तुम्ही दिला म्हणून खाते," सासूबाई म्हणाल्या.

राग धरावा की आनंद मानावा, आईला कळेना. मलाही.

मग आम्ही लेण्यांत गेलो. बुद्धाच्या उंच मूर्तीसमोर आईनं सवयीनं वर हात नेऊन घंटा शोधली. घंटा नव्हतीच.

"हे कोणते देव?"

"देव नाहीत. भगवान बुद्ध," सासूबाईंनी हात जोडले.

"भगवान म्हणता, मग देव कसे नाहीत?"

"माणूस होते. दुःखातून बाहेर पडायची वाट दाखवली त्यांनी. आम्ही वंदन करतो, मागत काय नाय."

"मागायचंच नाय?" आई माझ्याकडं वळली. "आन् आपण महादेवाला मागतो ते? खुलताबादच्या दर्ग्यात चादर चढवतो, ते? तू शिकलेलीस ना, सांग की."

मी बोलायला लागले आणि दोन वाक्यांतच अडकले. मी शिकले त्या पुस्तकात प्रत्येक धर्माचं वेगळं प्रकरण होतं. आईच्या डोक्यात तशी प्रकरणंच नव्हती.

शेवटच्या लेण्यात सासूबाई एका ध्यानस्थ मूर्तीसमोर वाकल्या.

"आई, हे महावीर आहेत. जैनांचे," मी सासूबाईंना हळूच म्हणाले.

त्यांचे जोडलेले हात तसेच अर्धवट राहिले. "मला बुद्धच वाटले गं. आता काय करू?"

"यांना तरी मागायचं असतं का?" माझ्या आईनं विचारलं.

दोघी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

सासूबाईंनी अखेर नमस्कार पुरा केला. पायऱ्या उतरताना आईचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी तिचा दंड धरला. मी मागून चालत होते. पुढून आईचा आवाज आला, "विहीणबाई, एकदा घरी या अन् मला नीट समजून सांगा. या पोरीला काय बी येत नाय."